समुद्राला पडलेला पोचा

प्रिय ग्लेंडा,

पाकीट जाड लागलं म्हणून घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. एरवी नाताळच्या कार्डावर दोन ओळी खरडणारा भाऊ भर वसंतात पानंच्या पानं लिहितोय म्हटल्यावर तू आधी शेवटचं पान उलटून बघणार, हे मला माहीत आहे. आधी खुर्चीत बस. चहा घे. मी स्वतः अजून हादरलेलाच आहे, त्यामुळे पत्र जरा इकडेतिकडे भटकेल. अक्षर नेहमीपेक्षा मोठं दिसेल, पण ओळी सरळ असतील, कारण कागदाखाली ठेवायला वेंडीने जाड काळ्या रेघांचा एक कागद आखून दिलाय. का, ते पुढे येईलच. आणि हो, या पत्रात बाबांचं नाव येणार आहे. आलं की कागद चुरगाळू नकोस. शेवटपर्यंत वाच, एवढंच मागतोय.

डोरा कॅचपोल आठवते का तुला? घड्याळाच्या मनोऱ्याजवळच्या पबात बारमागे उभी राहून सगळ्या स्केगनेस गावाला शिव्या घालायची, ती. पुढे तिने म्हाताऱ्या कॅचपोलच्या मुलाशी लग्न केलं आणि तो गेल्यापासून समुद्रावरचं त्यांचं खेळयंत्रांचं दालन तीच चालवते. पंच्याहत्तरीला आलीय, केस जांभळे करते आणि जीभ अजून तशीच. याच दालनात मी शाळा सोडून झाडू मारायला लागलो होतो, हे तुला आठवत असेल. झाडू मारता मारता यंत्रांच्या पोटात डोकावलो आणि तिथेच राहिलो. आज डेन्मार्कहून आणि बेल्जियमहून लोक टपालाने यंत्रांचे बिघडलेले सर्किट बोर्ड माझ्याकडे पाठवतात. पडद्यावर चित्र नीट येत नसेल तर नेव्हिल गारफुटला विचारा, असं म्हणतात. फुशारकी मारत नाही. ही फुशारकीच पुढे माझ्या नाकावर आपटणार आहे, म्हणून सांगून ठेवतो.

ईस्टरच्या आधी डोराचा फोन आला. "नेव्हिल, राजा, माझ्या लाडक्याला वेड लागलंय. ये बाबा लवकर." तिचा लाडका म्हणजे दारातच उभं असलेलं अंतराळातल्या लढाईचं जुनं यंत्र. केस पांढरे झालेले बाप्ये नातवंडांना घेऊन येतात आणि 'मी तुझ्याएवढा होतो तेव्हा' म्हणून त्याच्यासमोर उभे राहतात. ईस्टरच्या शनिवारी हंगाम उघडतो, आणि ते यंत्र बंद असलं तर दालन उघडलंच नाही असं डोरा मानते. मी गेलो तर पडद्यावर नुसता गोंधळ. विमानांचे दोन तुकडे, वरचा डावीकडे आणि खालचा उजवीकडे उडतोय. निळा रंग गायब. अक्षरं म्हणजे कुणीतरी काड्यापेटी उपडी केल्यासारखी. डोरा म्हणाली, "काल एक पोरगी विचारत होती, आजी, हा नवीन खेळ आहे का? मी म्हटलं, हो बाळा, यात जिंकायचं नसतं, नुसतं सहन करायचं असतं."

बिघाड साधाच निघाला. आमच्या कामाचा एकच नियम आहे, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बिघाड कुठे जातो ते बघायचं. ज्याच्यासोबत बिघाड हलला, तो गुन्हेगार. बोर्डावरच्या चिपांवरून बोट फिरवलं तर एक जास्तच तापलेली. तिच्याच जातीची एक चांगली चिप घेतली आणि तिच्या पाठीवर, पायाला पाय जुळवून, दाबून धरली. विमानं अखंड झाली. उचलली, पुन्हा दोन तुकडे. डोरा ते बघून प्रत्येक वेळी "अगं बाई" म्हणत होती, म्हणून मी गरज नसताना तिसऱ्यांदा करून दाखवलं. चिप बदलली. निळा रंग बोर्डाच्या कडेच्या पट्ट्यांवर साचलेल्या काळपटपणात अडकला होता, तो शाळेतल्या खोडरबराने घासून मोकळा केला. चित्र असं आलं की डोराने मला सगळ्यांसमोर गालावर मुका दिला.

तिथेच घरी जायला हवं होतं. पण माझी सवय तुला माहीत नाही. निघण्यापूर्वी मी चौकड्यांचं चित्र लावतो. यंत्राच्या पोटातच ते दडवलेलं असतं, खेळणाऱ्याला कधी दिसत नाही. काळ्या पडद्यावर पांढऱ्या उभ्या-आडव्या रेघा, वहीच्या पानासारख्या. त्या सरळ असतील तर चित्र खरं. आणि त्या मी एक डोळा मिटून बघतो. ते मला बाबांनी शिकवलं. आठवतंय ना, जत्रेतल्या फिरत्या घोड्यांवर सोनेरी वेलबुट्टी काढताना ते उजवा डोळा मिटून मागे सरकायचे? म्हणायचे, "दोन डोळे म्हणजे दोन मित्र, एकमेकांच्या चुका झाकतात. रेघ बघायची असेल तर एकाला झोपव." तसा मी उजवा झोपवला आणि डाव्याने बघितलं. पडद्याच्या मधोमध रेघा आत दबलेल्या. भांडं पडून पोचा यावा, तशा.

डोराला हाक मारली. ती म्हणाली, "सरळ तर आहेत." मी म्हटलं, चष्मा बदल. "माझे दोन्ही मोतीबिंदू काढलेत, शहाण्या. मला इथून हॉलंडमधल्या बायका कपडे वाळत घालताना दिसतात." मला वाटलं, हिला घाई आहे, हिला काय, दिवे लागले की झालं. आजवर कितीतरी मालकांनी मला 'चालतंय की' म्हटलंय आणि मी कुणाचं ऐकलेलं नाही. मग मी हट्टाला पेटलो, ग्लेंडा. पडद्यामागच्या कड्या फिरवल्या, पोचा तिथेच. तारांची जुडी बदलली, वीज देणारा डबा बदलला, पोचा तिथेच. दुसऱ्या यंत्रातला बोर्ड आणून लावला. शेवटी अख्खी पिक्चर ट्यूब बदलली, दोघांना धरावी लागते एवढी जड. पोचा जागचा हलला नाही.

मग नक्कीच चुंबक. आमच्या धंद्यातल्या कुणालाही विचार, हेच सांगेल. काचेच्या ट्यूबजवळ चुंबक आला की चित्र वाकतं. डोराच्या शेजारी यंदा विजेवरच्या छोट्या गाड्यांचा आखाडा उघडलाय. मी तिथल्या कीथला जाऊन सुनावलं की तुझ्या गाड्यांमुळे डोराचं यंत्र वाकलंय. कीथ म्हणाला, "काका, माझ्या गाड्यांनी आजवर एकाच गोष्टीला पोचे पाडलेत, ते माझ्या गाड्यांना." त्याने बिचाऱ्याने माझ्यासाठी सगळ्या गाड्या बंद करून दाखवल्या. मी येऊन बघितलं. पोचा. तरी मी त्याला सॉरी म्हटलं नाही.

यंत्र व्हॅनमध्ये घातलं आणि माझ्या वर्कशॉपमध्ये आणलं, समुद्राच्या भिंतीलगत, जिथे शेजारी सीगल पक्ष्यांशिवाय कुणी नाही. पोचाही आला. मला आनंद झाला, कारण नियमाप्रमाणे बिघाड यंत्राबरोबर हलला होता, म्हणजे गुन्हेगार आतच होता. खात्रीसाठी शेजारी माझ्या स्वतःच्या मॉनिटरवर चौकडी लावली. त्या मॉनिटरची मी शपथ घेतो, इतका तो खरा आहे. त्याच्याही मधोमध पोचा.

आता सांगतो ते कुणाला सांगू नकोस. त्या क्षणी माझ्या मनात काय यावं? मला वाटलं, या यंत्राने माझ्या मॉनिटरलाही बिघडवलं! खिळ्याएवढं लोखंड खोलीत ठेवलं नाही. हातोड्या बाहेर, पक्कड बाहेर, घड्याळ काढलं, पट्टा काढला, एका हाताने पॅन्ट धरून उभा राहिलो. तेवढ्यात वेंडी चहा घेऊन आली. तिच्या खुब्यात धातूचा सांधा बसवलाय. मी तिला दारातच थांबवलं आणि भिंतीपर्यंत मागे जायला सांगितलं. ती गेली. चाळीस वर्षं संसार केलेली बाई सीगलांमध्ये कप धरून उभी राहिली आणि ओरडली, "मी गेले! पोचा गेला का?" मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "मग आता तू बाहेर ये, म्हणजे आपण सगळं करून बघितलं असं होईल. चहा गार होतोय."

तिने चेष्टेत म्हटलं होतं. पॅन्ट सावरत मी बाहेर आलो, भिंतीवर टेकलो, कप घेतला. हवा स्वच्छ होती. समोर समुद्र आणि त्यात दूरवर पवनचक्क्यांची रांग. तू इथे होतीस तेव्हा त्या नव्हत्या. आणि इतके दिवस तेच करत होतो म्हणून असेल, माझा उजवा डोळा आपोआप मिटला.

समुद्राला पोचा पडला होता, ग्लेंडा. क्षितिजाची रेघ दोन्ही बाजूंनी सरळ येत होती आणि मधे खाली दबली होती. मधल्या पवनचक्क्या एकमेकींकडे झुकल्या होत्या, कानात काहीतरी सांगत असल्यासारख्या. मी उजवा उघडला, सगळं सरळ. मिटला, पुन्हा पोचा. इतके दिवस मी सगळं बदललं होतं. बोर्ड, तारा, ट्यूब, जागा, शेजार. सगळीकडे माझ्याबरोबर हललेली एकच वस्तू होती, आणि तिच्यातूनच तर मी बघत होतो. मी वेंडीकडे वळलो. डाव्या डोळ्याने तिचे केस दिसले, कानातले दिसले, हनुवटी दिसली. मधे नाक-डोळे नव्हते, धुरकट ओला डाग होता. तो डाग म्हणाला, "नेव्ह, काय झालं? भूत बघितल्यासारखा काय बघतोस?"  कप माझ्या हातून भिंतीपलीकडे वाळूत पडला.

चष्म्याच्या दुकानातल्या मुलीने माझ्या डोळ्याच्या आत बघितलं आणि थेट लिंकनला, मोठ्या दवाखान्यात फोन लावला. तिथे डॉक्टर ब्रॅनिगन म्हणून एक बाई आहेत. त्यांनी माझ्या हातात एक पुठ्ठा दिला, एक डोळा झाका आणि मधल्या ठिपक्याकडे बघा म्हणाल्या. मी पुठ्ठा बघितला आणि मला हसू फुटलं. आवरेचना. ते माझंच चित्र होतं! चौकड्यांचं. फक्त मधे एक ठिपका जास्त. ज्या चित्रावरून मी जन्मभर यंत्रांना दोष दिला, तेच ही बाई माणसांना दाखवत होती. त्यांना वाटलं असेल, धक्क्याने माणूस फिरला. मी त्यांना सांगितलं की रेघा नेमक्या कुठे दबल्यात आणि किती. त्या म्हणाल्या, "इतकं नेमकं मला कुणी सांगत नाही." मी म्हटलं, माझा धंदाच तो आहे.

डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, अगदी मधोमध, बारीक रक्तवाहिन्या झिरपतात आणि तो पडदा भिंतीवरच्या ओल्या कागदासारखा फुगतो, असं त्यांनी समजावलं. कडेचं सगळं दिसत राहतं, मधलं जातं. म्हणजे माणूस रस्त्याने नीट चालतो, पण अक्षर, रेघ आणि चेहरा हरवतो. यावर डोळ्यात सुई देतात. हो, डोळ्यातच. पहिल्या वेळी मी खुर्चीचे हात असे धरले की नर्स म्हणाली, "खुर्ची आमची आहे हो, घरी न्यायची नाही." गेलेलं सगळं परत येईल असं नाही, पण आहे ते बहुतेकांचं टिकतं, लवकर आलात तर. आणि मी लवकर आलो होतो. डॉक्टर म्हणाल्या, "दोन्ही डोळ्यांनी बघत राहिला असतात तर चांगल्या डोळ्याने वाईटाचं झाकून घेतलं असतं, आणि तुम्हाला फार उशिरा कळलं असतं. एक डोळा मिटून बघायची सवय तुम्हाला कुणी लावली?"

मी म्हटलं, वडिलांनी.

मग त्यांनी लिहिता लिहिता विचारलं, घरात आणखी कुणाला हा आजार होता का. मी म्हटलं, छे. वडील रंगारी होते, त्यांची नजर पोलादी होती. शेवटी शेवटी त्यांचं काम बिघडलं, पण ते दारूने. डॉक्टरांनी सहज विचारलं, "ते प्यायलेत हे तुम्हाला कसं कळायचं?" आणि मी सांगायला लागलो. चहा ओतताना कपाबाहेर जायचा. घोड्यांवरच्या वेली वाकड्या यायला लागल्या. रस्त्यात ओळखीच्या माणसाला ओलांडून जायचे, लोक म्हणायचे, गारफुटला तर्र झाल्यावर ओळख राहत नाही. डॉक्टरांचं पेन थांबलं. "आणि चालायचे कसे?"

मी म्हटलं, सरळ.

ग्लेंडा, माझे कान तुला माहीत आहेत. ट्यूबमधली बारीक शिट्टी मला पलीकडच्या खोलीतून ऐकू येते. पण स्वतःच्या तोंडातून निघालेला तो शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. सरळ. बाबा पबातून समुद्राच्या भिंतीवरून चालत यायचे. त्या हातभर रुंदीच्या भिंतीवरून! पोरं ओरडायची, "पडेल, पडेल!" आणि ते कधी पडले नाहीत. अख्ख्या गावाने रोज बघितलं की हा दारुडा भिंतीवरून दोरीवरच्यासारखा सरळ चालतो, आणि कुणाला, मला, तुला, एकाला प्रश्न पडला नाही.  डॉक्टरांनी पाणी दिलं. ते तसंच ठेवून मी उठलो.

घरी न जाता मी डोराकडे गेलो. तिला माझ्या डोळ्याचं सांगितलं, मग विचारलं, तुझ्या बारवर बाबा किती प्यायचे गं? ती हसली. "तुझा बाप? एवढा चिक्कू माणूस मी बघितला नाही. एक रम घ्यायचा, त्यात दोन बोटं बुडवायचा आणि अत्तर लावावं तशी कॉलरला लावायचा. उरलेली खिडकीतल्या कुंडीत. ते झाड मेलं, माहितीय? मला वाटायचं, पुरुषांत उठबस करायची हौस आहे आणि पिण्याची ऐपत नाही. मी कुणाला सांगितलं नाही, म्हटलं कशाला त्याची लाज काढा." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून तिचं हसू विरलं. जांभळे केस दोन्ही हातांनी धरून ती नाणी टाकायच्या यंत्राच्या काठावर बसली. "अरे देवा," म्हणाली, "अरे देवा, होरेस." इतकी वर्षं त्यांना कुणी होरेस म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

जत्रेचं तुला मी काय सांगणार. तिथले अर्धे लोक पिणारे. रंगारी पिऊन काम बिघडवतो, मालक शिव्या देतो, हाकलतो आणि पुढच्या ईस्टरला पुन्हा बोलावतो, कारण माणूस वाईट नाही, बाटली वाईट. पण डोळ्याने गेलेल्या रंगाऱ्याला कोण बोलावेल? बाबांनी हे दोन्ही समोरासमोर ठेवून बघितलं असणार, उजवा डोळा मिटून, रेघ बघावी तसं. आणि आपल्याला पोसायचं होतं म्हणून त्यांनी बाटली निवडली. त्यांना माहीत होतं का, असं तू विचारशील. मला वाटतं, होतं. एकदा ते ब्रश आणायला म्हणून लिंकनला गेले होते. आई गेल्यानंतरची गोष्ट, तू घरातच होतीस. संध्याकाळी परत आले, हातात ब्रश नव्हते. अंगणात उलट्या बादलीवर बसून राहिले. तू म्हणालीस, वाटेत उतरले असतील पबात. तेव्हा या आजारावर सुई नव्हती, काहीच नव्हतं. दवाखान्यात हे असं कळल्यावर तो माणूस आगगाडीने एकटा घरी आला आणि आपण त्याला गरम बटाटे वाढले.

आता तुझ्या लग्नाचं. आठवडाभर आधी त्यांनी फिरत्या घोड्यांतल्या तुझ्या घोड्याच्या मानेवर तुझं नाव नव्याने रंगवलं होतं, तुझी भेट म्हणून. अक्षरं अशी आली की जत्रेतले लोक पोट धरून हसले आणि तू तीन दिवस त्यांच्याशी बोलली नाहीस. मग चर्चच्या दारात. तू बग्गीतून उतरलीस, तुझी करवली थेल्मा तुझ्यापुढे, तिचा झगाही जवळजवळ पांढराच. बाबांनी थेल्माचा हात घेतला, आपल्या कोपरात अडकवला आणि म्हणाले, "पोरी, आज तू हुबेहूब तुझ्या आईसारखी दिसतेस." थेल्मा खिदळली. सगळे हसले. कॉलरचा रमचा वास मला तिथपर्यंत आला होता. तू घुंगट खाली ओढलंस आणि एकटी आत गेलीस, आणि मग माल्कमबरोबर जगाच्या पार त्या टोकाला. बाबांच्या शेवटच्या आजारपणात मी कळवलं तेव्हा तू लिहिलंस, ज्याला मुलगी ओळखता आली नाही त्याने आता तिला बोलावू नये. ते त्यांना वाचून दाखवलं नाही. ते शेवटपर्यंत तुझं विचारत राहिले.

चर्चच्या दारातले त्यांचे ते शब्द तुझे होते, ग्लेंडा. चुकीच्या कानात पडले, पण ते तुझ्यासाठी घरून आणलेले होते. त्यांना तुझा चेहरा दिसत नव्हता. पांढरा झगा दिसत होता, आणि चेहरा त्यांनी आठवणीतून भरला, आईचा.

तुझ्या घोड्याचा एक फोटो माझ्याकडे आहे. परवा मी तो डाव्या डोळ्याने बघितला. मनात एक वेडी आशा होती, की त्यांच्यासारख्या डोळ्याने बघितलं तर ती अक्षरं सरळ होतील. झाली नाहीत. आणखीच वाकली. मग उजव्याने बघितली. वेड्यावाकड्या अक्षरांच्या कडेला सोन्याची बारीक किनार आहे, प्रत्येक अक्षराला, कुठेही न सुटलेली. दिसत नसताना ती काढायला माणसाला किती वेळ लागला असेल, ते मला आता कळतं, कारण डाव्या डोळ्याचा डाग मधे येत राहतो आणि हे पत्र लिहायलाच मला चार दिवस लागलेत.

आता हे सगळं आज का, आणि तातडीच्या टपालाने का. फोनवर बाबांचं नाव निघालं की तू ठेवून देतेस, म्हणून पत्र. आणि जे पाठवायचं आहे ते फोनवरून पाठवता येत नाही. गेल्या नाताळच्या कार्डात तू गमतीत लिहिलं होतंस की हल्ली चहा बशीत जास्त आणि कपात कमी पडतो, विणकामाच्या नक्षीतल्या रेघा पोहायला लागतात, आणि धाकटा नातू विचारतो, आजी, तू लपूनछपून पितेस का? मी ते वेंडीला मोठ्याने वाचून दाखवलं आणि आम्ही दोघं हसलो. लिंकनहून आल्यावर ते कार्ड पुन्हा काढलं आणि तेव्हापासून मला झोप नाही. डॉक्टर म्हणाल्या, भावंडांना सांगा, आजच सांगा. पाकिटात एक पुठ्ठा आहे, चौकड्या आणि मधे ठिपका. उजेडात बस, माल्कमला समोर बसव. आधी एक डोळा झाक आणि ठिपक्याकडे बघ, मग दुसरा. दोन्ही डोळ्यांनी एकदम बघू नकोस, ते एकमेकांचं झाकतात. सगळ्या रेघा सरळ दिसल्या तर मला फोन करून हवं तेवढं हस. एक जरी वाकली तर पुठ्ठ्यात चूक शोधू नकोस, माझ्यासारखी. रेघा वेंडीने फूटपट्टीने आखल्यात आणि मी उजव्या डोळ्याने तपासल्यात. त्या सरळ आहेत. त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, आणि ते विचारतील तेव्हा सांग, की हो, घरात होतं, आमच्या वडिलांना होतं.

फोनजवळ बसून असलेला,
तुझाच
नेव्हिल